बाराची कूस

जळगावहून चोपड्याला निघालं की तापीच्या पुलाच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला, केशरबाई स्मारक वृद्धाश्रम लागायचा. बैठी कौलारू इमारत, पुढे लांब ओसरी, मागे कुंपणाला लागून केळीची बाग. आता तिथे पेट्रोलपंप झाला आहे. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मात्र आश्रमाच्या फाटकावर हिरवी पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात हातभर उंचीचा 'अ' काढलेला होता.

पाट्यांची ही टूम आदल्या वर्षी निघाली. सरकारी अनुदान घेणाऱ्या वृद्धाश्रमांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. समिती यायची, छत्तीस रकान्यांचा फॉर्म भरायची, गुण द्यायची. अ आला तर हिरवी पाटी, ब आला तर पिवळी, क आला तर लाल. पाटी एसटीत बसलेल्या माणसालाही वाचता येईल अशी फाटकावर लावायची, शिवाय सगळ्या आश्रमांची यादी पेपरात छापून यायची. आईबापांना आश्रमात ठेवणं म्हणजे त्या काळी गावात तोंड लपवत फिरण्यासारखं होतं. पाटीमुळे लोकांना मान वर करायला जागा मिळाली. "आम्ही अ वर्गात ठेवलंय," असं चारचौघांत सांगता येऊ लागलं.

मंजुळाबाई त्या आश्रमात सेविका होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, बोलायला कमी. त्याआधी अकरा वर्षं तिने धुळ्याच्या एका दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात आयाचं काम केलं होतं. स्टोव्हचा भडका उडाला म्हणून आणलेल्या सुना तिथे यायच्या. कशाने भडका उडाला हे कोणी खोदून विचारायचं नाही. अशा बायकांच्या अंगाला चादर चिकटायची आणि चादर काढताना कातडी निघायची, म्हणून तिथली जुनी सिस्टर त्यांना केळीच्या पानावर निजवायची. पान तव्यावर धरून हलकं शेकायचं, मधला दांडा सोलून काढायचा, स्वच्छ पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि गुळगुळीत बाजू वर करून अंथरायचं. पान चिकटत नाही, तापत नाही, घाम धरत नाही. त्याच सिस्टरने तिला अंगठ्याची खूणही शिकवली होती. पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर लाली दिसली की अंगठ्याने दाबायचं. दाबल्यावर जागा पांढरी झाली आणि सोडल्यावर लाल झाली तर अजून काही बिघडलेलं नाही. दाबूनही लालच राहिली तर आतलं मांस मरायला लागलं असं समजायचं.

आश्रमात चौतीस म्हातारी माणसं होती. त्यांत अंथरुणाला पूर्ण खिळलेली एकच, धुरपदाबाई. चोपड्याजवळच्या एका खेड्यातली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. तिचा मुलगा जीवराम केळीचा शेतकरी. त्याची बायको वारलेली, मुलं शिकायला बाहेर. घरात बाईमाणूस नाही, मग आईचं अंग पुसायचं कोणी, तिचं लुगडं बदलायचं कोणी? मुलाने आईच्या उघड्या अंगाकडे बघायचं नसतं हे तिकडे कोणी शिकवायला लागत नाही. त्याने आईला आश्रमात आणून ठेवलं होतं. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यायचा, पायाशी बसायचा. मंजुळाबाई कूस पालटायला आली की तो आपणहून उठून ओसरीवर जायचा आणि ती हाक मारेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

धुरपदाबाईची कूस दर दोन तासांनी पालटायची असा नेम होता. आठ, दहा, बारा, दोन, चार. खाटेच्या वर भिंतीला तक्ता लावलेला होता आणि प्रत्येक वेळेपुढे खूण करायची होती. समितीच्या फॉर्ममध्ये त्या तक्त्याला एक रकाना होता. गादी-चादरीला दुसरा: खाली रेक्झिन, वर पांढरी चादर, चादरीवर डाग नको, गादीवर इतर वस्तू नको. केळीच्या पानाला रकाना नव्हता. उलट पानाच्या चिकाने चादरीला जे तपकिरी डाग पडायचे ते कितीही धुतले तरी जायचे नाहीत, आणि समितीच्या लेखी डाग म्हणजे घाण.

आदल्या वर्षी व्यवस्थापक तोताराम नानांनी तपासणीच्या दिवशी पान काढायला लावलं होतं. नाना निवृत्त हेडमास्तर, सरळ माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की समिती दहाला येईल, साडेदहाला जाईल, तेवढ्यापुरतं पान नको. मंजुळाबाईने ऐकलं. कडक इस्त्रीची चादर घातली, धुरपदाबाईला तिच्यावर उताणं निजवलं. नाना म्हणाले, आता हलवू नका, चादरीला सुरकुती पडेल. समिती चारला आली. मधल्या वेळात कूस एकदाही पालटली नाही. समितीची जीप दिसली तेव्हा मंजुळाबाईने तक्त्यावर पाच खुणा एकदम करून टाकल्या.

आश्रमाला अ मिळाला. समितीच्या बाईंनी तक्त्याचं खास कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी धुरपदाबाईच्या माकडहाडावरची कातडी सुटली. आठ दिवसांत तिथे वाटीएवढी जखम झाली. जखम भरायला संक्रांत उजाडली. दिवाळीला जीवराम फराळाचा डबा घेऊन आला तेव्हा त्याची आई तापाने फणफणली होती. हवापालटाचा ताप आहे, असं नाना म्हणाले. मंजुळाबाई शेजारी उभी होती, ती काहीच बोलली नाही. धुरपदाबाईही मुलाकडे बघून गप्प राहिली. तो गेल्यावर मंजुळाबाईने पान बदललं, हात धुतले आणि मोरीतच बराच वेळ बसून राहिली.

आणि आता पुन्हा मे महिना आला होता, पुन्हा तपासणी.

नानांनी या वेळी आठ दिवस आधीपासून तयारी केली. भिंतींना चुना लागला, फिनाईल आलं, धुळ्याहून नवं हिरवं रेक्झिन आलं. या वर्षी फॉर्ममध्ये 'नातेवाइकांचे मत' असा नवा रकाना होता. जीवराम वेळेवर येणारा, नीट कपडे घालणारा, म्हणून नानांनी त्यालाच बोलावलं. तपासणीच्या दिवशी सकाळी साडेसातलाच तो हजर झाला. पांढरा सदरा, पांढरी टोपी. फाटकाशी थांबून त्याने आधी पाटी बघितली. मग ओसरीवर येऊन नानांना म्हणाला, धुळ्याला एक नवा आश्रम निघालाय, तोही अ वर्गाचा, आणि तिकडे माझी मावसबहीण आहे. इथली हिरवी पाटी राहिली तर उत्तमच. गेली तर मायला तिकडे हलवावं लागेल, गावात लोक विचारतात.

तो हे सहज बोलला. खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मंजुळाबाईने ते ऐकलं. धुळ्याच्या आश्रमामागे केळीची बाग कुठली असणार? तिथे धुरपदाबाईला पान कोण घालणार? पाटी टिकवायची तर आज पान काढायचं. पान ठेवलं तर पाटी जाणार, आणि पाटीमागून धुरपदाबाई धुळ्याला, कायमची रेक्झिनवर. दोन्हीकडून त्या पाठीवरच येत होतं. भरलेल्या जखमेवरची नवी कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती.

नाना आत आले. मंजुळाबाईचा चेहरा त्यांनी वाचला असावा, कारण आवाज खाली आणून ते म्हणाले, "मंजुळाबाई, मलाही कळतं. पण चौतीस माणसं आहेत. पाटी गेली की अनुदान जातं, मग ही सगळी कुठे जाणार? तासा-दोन तासांचा प्रश्न आहे. यंदा समितीच्या बाई वेळेवर येणार आहेत, फोन आलाय."

आठ वाजता मंजुळाबाईने आणि भिकुबाईने, म्हणजे दुसऱ्या सेविकेने, धुरपदाबाईला उचलून नव्या रेक्झिनवर, नव्या चादरीवर ठेवलं. भिकुबाई तोंडाची फटकळ. नानांनी आज म्हातारीला नवरीसारखं नटवलंय, असं ती पुटपुटली. धुरपदाबाईने तिच्याकडे बघितलं आणि वाकड्या ओठांनी हळूहळू विचारलं, "आज मनी सोयरीक शे का?"

भिकुबाई खो खो हसली. मंजुळाबाईला हसू आलं नाही. तिने पहाटेच बागेत जाऊन पानं कापून आणली होती. वैशाखात वाऱ्याने सगळी पानं चिंध्या होतात, फक्त शेवरीच्या दाट कुंपणाआड, आतल्या ओळीतली अखंड राहतात. तशी चार पानं शेकून, सोलून, पुसून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने खाटेखाली सारून ठेवली होती. कशासाठी, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दहा वाजले. समिती आली नाही.

साडेदहाला नाना फाटकापर्यंत जाऊन आले. भिकुबाईला त्यांनी चहाचं आधण ठेवायला सांगितलं, मग रांगोळीवरून वारा गेला म्हणून पुन्हा रांगोळी काढायला पाठवलं. जीवराम ओसरीवर बाकावर बसून होता. चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालून रांगेत बसवलेलं होतं आणि ते एकमेकांना विचारत होते की जेवण कधी.

अकराला लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. खोलीत भट्टीसारखी झळ शिरली, भिंतींच्या ओल्या चुन्याचा वास जड झाला. मंजुळाबाईने धुरपदाबाईच्या पाठीखाली हात सरकवला. चादर घामाने थबथबली होती आणि खालचं रेक्झिन तव्यासारखं लागत होतं. तिने म्हातारीला अंगचं बळ लावून जरासं कलतं केलं आणि माकडहाडाजवळ बघितलं. लाली आली होती. तिने अंगठा दाबला, सोडला. जागा पांढरी झाली, मग लगेच लाल. ठीक आहे. अजून ठीक आहे.

ती नानांकडे गेली आणि कूस पालटते म्हणाली. नाना घामाघूम होते. पालटा, पण पान नको, आणि चादर जागची हलू देऊ नका, असं ते म्हणाले. कुशीला लावायची तर पाठीमागे उशा लागतात, आणि खाटेवर फक्त एक उशी चालत होती. इतर वस्तू नको. मंजुळाबाईने उशीशिवाय कूस धरून पाहिली. पाच मिनिटांत धुरपदाबाईचं अंग पुन्हा उताणं पडलं.

बारा वाजले. तिने पुन्हा अंगठा दाबला. जागा पांढरी झाली, पण या वेळी सावकाश, मनाविरुद्ध झाल्यासारखी. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. आठपुढे खूण होती. दहापुढे नव्हती. बारापुढे नव्हती. खुंटीला दोरीने पेन्सिल टांगलेली होती. गेल्या वर्षीचीच.

धुरपदाबाईचे डोळे तिच्यावर होते. तिने काही मागितलं नाही. ती मागायची नाहीच. गेल्या वर्षीही त्या दिवशी तिने काही मागितलं नव्हतं.

साडेबाराला नाना धावत आले. पुलापलीकडे जीप दिसली म्हणाले. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं. भिकुबाईला हार घेऊन फाटकावर पाठवलंय, तुम्ही तक्ता पूर्ण करा. एवढं बोलून ते परत धावले.

मंजुळाबाईने अंगठा दाबला, धरला, सोडला. जागा लाल होती. तिने पुन्हा दाबला, मनात तीन मोजले, सोडला. कडेने जरा फिकी झाली, मध्ये कवडीएवढी जागा तशीच लाल राहिली.

तिने पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाही. ती दारात गेली आणि म्हणाली, "जीवराम भाऊ, आत या."

तो आला, दाराशी थांबला.

"तुमच्या मायला उचलायचंय. एका माणसाचं काम नाही."

जीवराम एक पाऊल मागे सरला. भिकुबाईला बोलावा, मी बाहेर थांबतो, असं म्हणाला. मंजुळाबाई म्हणाली, भिकुबाई फाटकावर हार घेऊन उभी आहे, आणि मला थांबायला वेळ नाही. तिने खाटेखालून गोणपाट ओढलं, पानं बाहेर काढली. जीवराम पानांकडे बघत राहिला, मग भिंतीकडे. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात सदऱ्याच्या कडेशी चाळा करत होते.

"अक्का, मी कसा..."

तेव्हा धुरपदाबाई बोलली. शब्द एकेक करून, जड, पण खोलीत स्पष्ट ऐकू आले.

"लाज कसानी? तू मना आंडोर शेस, मना पोटना पोऱ्या."

फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला.

जीवरामने टोपी काढून खिडकीत ठेवली. मंजुळाबाईने त्याचे हात धरून एक आईच्या खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, आणि आपल्याकडे ओढा म्हणाली. त्याने ओढलं. मान त्याने पार पलीकडे वळवली होती. मंजुळाबाईने एका झटक्यात चादर आणि रेक्झिन गुंडाळून खाली टाकलं, गादीवर दोन पानं शेजारी शेजारी अंथरली, तेलाचा हात फिरवला. बाहेर ओसरीवर चपलांचे आवाज आले, नानांचा आवाज आला, या, या, इकडून.

गेल्या वर्षीही आलेल्या समितीच्या सुनंदाबाई दारात उभ्या राहिल्या. धुळ्याच्याच, मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, सुती पातळ, हातात फॉर्मचा पुठ्ठा. त्यांच्या मागे नाना. खोलीत जमिनीवर घामट रेक्झिनचा ढीग, खाटेवर केळीची पानं, आणि एक बाप्या माणूस डोळे मिटून म्हाताऱ्या बाईला छातीशी धरून वाकलेला.

"आत्ता बदलतच होत्या, मॅडम," नाना म्हणाले. "एक मिनिट बाहेर बसू या."

सुनंदाबाई बसायला गेल्या नाहीत. पानाकडे पेन दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"पान आहे," मंजुळाबाई म्हणाली. "हिच्या पाठीला लागतं."

"नियमात रेक्झिन आहे."

"होय. सकाळी आठपासून रेक्झिनवरच होत्या. तुम्ही दहाला येणार होता."

सुनंदाबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्या काही बोलायच्या आत मंजुळाबाई पुढे बोलली.

"मागच्या वर्षी तुम्ही चारला आलात. तक्त्यावर पाच खुणा होत्या, तुम्ही चांगलं म्हणालात. त्या खुणा मी जीप बघून केल्या. दिवसभरात कूस एकदाही पालटली नव्हती. पालटली असती तर हे झालं नसतं."

तिने धुरपदाबाईच्या पाठीवरचं लुगडं बाजूला केलं.

जीवरामने डोळे उघडले होते. आईचं अंग त्याच्या हातात होतं, सोडता येत नव्हतं, आणि मान कुठे वळवावी ते त्याला कळेनासं झालं होतं. त्याने बघितलं. माकडहाडावर वाटीच्या बुडाएवढा खळगा, त्यावर गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी कातडी, आणि कडेला आजची लाली.

मग तो मंजुळाबाईला म्हणाला, "दिवाळीला ताप होता म्हणालात."

"जखमेचाच ताप होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच केलं ना ते," मंजुळाबाई म्हणाली.

सुनंदाबाईंनी पुठ्ठा खिडकीत, जीवरामच्या टोपीशेजारी ठेवला. त्या खाटेजवळ आल्या, वाकल्या, लालीवर अंगठा दाबला आणि उचलला. पुन्हा दाबला, या वेळी जास्त वेळ. मंजुळाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"वेळेत काढलंत," त्या हळूच म्हणाल्या. "दाबल्यावर कडेने पांढरी होतेय. अर्धा तास अजून ठेवली असती तर गेली होती." मग जीवरामला म्हणाल्या, "डाव्या कुशीवर घ्या. सावकाश."

दोघांनी मिळून धुरपदाबाईला पानावर घेतलं. मंजुळाबाईने पाठीमागे तीन उशा लावल्या. पान अंगाला लागल्यावर म्हातारीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला, आणि तेवढ्या एका आवाजाने खोलीतलं सगळं जरा सैल झालं.

सुनंदाबाईंनी फॉर्म उचलला. गादी-चादरीच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं, तक्त्याच्या रकान्यातही शून्य लिहिलं. नानांना त्या म्हणाल्या, गादीवरचे डाग चिकाचे आहेत हे मला दिसतंय, पण जे रकान्यात नाही त्याला मी गुण देऊ शकत नाही, आणि खोट्या तक्त्याचं मला वर कळवावं लागेल. नानांनी मान हलवली. नातेवाइकांच्या मताचा रकाना सुनंदाबाईंनी जीवरामपुढे धरला. त्याने पेन हातात घेतलं, कागदाकडे बघितलं आणि तसंच परत दिलं. खिडकीतली टोपी घेऊन तो बाहेर पडला. जाताना कोणाशी बोलला नाही, आईशीसुद्धा नाही.

सुनंदाबाई निघताना दारात क्षणभर थांबल्या. "पान शेकून घेता की तसंच?" त्यांनी विचारलं. शेकून, असं मंजुळाबाई म्हणाली. त्यांनी ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी पेपरात आली. आश्रम ब वर्गात गेला. नानांनी स्वतः स्टुलावर चढून हिरवी पाटी काढली आणि पिवळी लावली. मंजुळाबाईला त्यांनी कामावरून काढलं नाही, पण कामापुरतंच बोलू लागले. अनुदान कमी झालं तशी दुपारच्या जेवणातली एक भाजी कमी झाली. महिन्याभरात दोन घरची माणसं येऊन आपापल्या म्हाताऱ्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं नाही, पण डोळे तिकडे जायचेच.

जीवराम आला नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. धुरपदाबाई दर गुरुवारी दाराकडे बघायची आणि मंजुळाबाई तिच्याकडे बघायचं टाळायची. एकदा रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला आणि मंजुळाबाईने न सांगता धुरपदाबाईची दोन लुगडी, चोळ्या, तेलाची बाटली असं बोचकं बांधायला घेतलं. ती जीप दुसऱ्याच कोणाची होती. बोचकं तिने सोडलं नाही, कोनाड्यात ठेवून दिलं.

जुलैत एका गुरुवारी, साडेअकराच्या सुमाराला तो आला. भाड्याची गाडी नव्हती, हातात पिशवी नव्हती. एसटीने आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल उडालेला. पिवळ्या पाटीखालून आत आला आणि आईच्या पायाशी नेहमीच्या जागी बसला. मंजुळाबाईने कोनाड्यातलं बोचकं काढून त्याच्यासमोर ठेवलं. केव्हा निघायचं, असं विचारताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

जीवराम बोचक्याकडे बघत म्हणाला, "धुळ्याला जाऊन आलो."

ती उभीच राहिली.

"पाटी हिरवीगार आहे. चादरी दुधासारख्या. मला सगळीकडे फिरवून दाखवलं." तो थांबला. "एक म्हातारा पडून होता, नवापूरकडचा. मी त्याच्या पाठीखाली हात घातला. तिथली बाई म्हणाली, तुम्ही समितीतले का. मी म्हटलं, हो."

खाटेवर धुरपदाबाईचे वाकडे ओठ हलले. हसत होती ती.

"मग?" मंजुळाबाईने विचारलं.

"अंगठा लावून पाहिला," जीवराम म्हणाला. "पांढरी नाही झाली."

त्याने बोचकं उचललं आणि पुन्हा कोनाड्यात ठेवलं. बाहेर पाऊस नव्हता, पण केळीच्या पानांवरून साचलेलं पाणी ठिबकत होतं. ओसरीवर नाना कोणाला तरी चष्मा सापडत नाही म्हणून रागवत होते. भिकुबाई खरकटी भांडी घेऊन दारावरून गेली आणि आत कोण बसलंय ते बघून पुढे न जाता थांबली.

ओसरीवरच्या घड्याळाने बाराचे ठोके द्यायला सुरुवात केली. मंजुळाबाईने सवयीने जीवरामकडे, त्याने बाहेर जावं म्हणून, बघितलं. तो उठला. टोपी काढून त्याने खिडकीत ठेवली, हात सदऱ्याला पुसले आणि खाटेच्या डोक्याशी येऊन आईच्या खांद्याखाली हात घातला.

"आता कोणती कूस, अक्का?"

"उजवी," मंजुळाबाई म्हणाली, आणि पान घ्यायला खाटेखाली वाकली.